बंद दाराआड सांगितलेला तलाव

कुरखेडा,
९ जानेवारी २०१०

प्रिय निकेश,

'प्रिय' लिहायला मला चार दिवस लागले. तो शब्द खोटा नाही म्हणून खोडला नाही, पण आज त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. फोनवर तुला जे बोलले त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. तू फोन उचलणं सोडलंस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कापता येत नाही.

दिवाळीत तू तीन दिवस गावी आलास. तिसऱ्या दिवशी मी वडशाच्या सभेला गेले होते, तेवढ्यात तू माझा लॅपटॉप उघडलास. तो हळू चालतो, व्हायरसने भरला आहे, हे तुझं तूच ठरवलंस. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा करून ठेवलास आणि पुण्याची गाडी धरलीस. भाषणांची टिपणं गेली त्याचं मला काही नाही; भाषणं डोक्यात असतात. त्यात बाबांचा आवाज होता, निकेश. एक तास दहा मिनिटं.

तो कसा मिळाला होता ते तुला नीट सांगितलंच नाही. मागच्या वर्षी आपल्या तलावाची पाहणी करायला एक साहेब आले होते. पाळीच्या बांधावर उभं राहून त्यांनी एकेकाला विचारलं, मासळी किती निघते. आपले लोक काय म्हणणार? "काई नाई साहेब." टोपलीत मरळ तडफडत असली तरी मासे धरणारा ढिवर तेच म्हणतो. किती सापडलं हे बोलून दाखवलं की पाणी रुसतं, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. बाबा दारातून "काई नाई" म्हणत आत आले की आई मुकाट्याने मसाला वाटायला बसायची. साहेबांना कोण सांगणार? त्यांनी लिहिलं, उत्पन्न निरंक, तलाव पडून आहे. त्या एका ओळीवर बाहेरच्या ठेकेदाराने तलाव मागितला. तेव्हा तू फोनवर केवढा संतापला होतास. ज्या माणसांची पाहणी करायची त्यांची रीत यांना ठाऊक नको का, असं म्हणाला होतास. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी दोन सभांत वापरलं.

बावीस तारखेला सुनावणी आहे. वकील म्हणतात, तलाव पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे हे दाखवायचं तर कोणत्या घराण्याचं जाळं कुठे पडतं ते सांगावं लागेल. प्रत्येकाला आपापली जागा माहीत आहे. पण बुडीत चिंचेपासून सांडव्यापर्यंतच्या अठ्ठावीस जागा, त्यांची नावं, त्या कुणाकडून कुणाकडे आल्या, ही सगळी माळ फक्त आपल्या घरात आहे. हंगामातल्या पहिल्या जाळ्याच्या दिवशी बाबा पाळीवर उभे राहून ती म्हणायचे. बायांनी तिथे जायचं नाही. हजार माणसांसमोर माझा आवाज कधी कापला नाही, पण त्या पाळीवर मी एकदाही उभी राहिले नाही. लिहून घेऊ का विचारलं तर बाबा म्हणाले, "लिहिलेलं तलाठी बदलवते. आवाज कोन बदलवते?" म्हणून लॅपटॉप. ते त्याच्यासमोर बसले, मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. सुनावणीच्या आधी ऐकायचं नाही आणि दुसरी प्रत काढायची नाही, अशी शपथ घातली. मी ती पाळली. जन्मभर असल्या शपथांविरुद्ध बोलले आणि नेमकी हीच पाळली. हा राग तुझ्या वाट्याचा नाही, तरी तुलाच सांगते आहे.

तू पुसल्याचं कळलं तेव्हा बाबा म्हणाले, गेलेलं परत बोलतो, धान निघू दे. धान निघालं आणि अगहन महिन्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. मी त्यांना इथे माझ्या खोलीवर आणलं.

वकिलांचे कागद मेलवर येतात. बाबांना एकटं टाकून रोज कॅफेत जाणं शक्य नव्हतं. पुढच्या खोलीत संघटनेचा वायरलेसचा डबा मिचमिचत होता, पण तू धुऊन पुसून ठेवलेल्या लॅपटॉपला तो दिसेना. कॅफेवाल्या स्वप्निलने सांगितलं, "बाई, वायरलेसचा ड्रायव्हरच नाई राह्यला यात, म्हंजे त्याले चालवनारा प्रोग्राम. नेटवरून घ्या लागते." नेट यायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं. दाखल्यासाठी ओळखपत्र आणि ओळखपत्रासाठी दाखला, यावर मी वीस वर्षं बोलते आहे. तेच यंत्रात भरून माझ्या सख्ख्या भावाने माझ्या मांडीवर ठेवलं.

तीन आठवडे, निकेश. शेजारच्या सोमारीबाईंना बाबांजवळ बसवायचं, पेनड्राइव्ह पदराला बांधून कॅफेत पळायचं, आणि आणलेला ड्रायव्हर चालू नये. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वायरलेस कार्डं असतात, हे दुसऱ्या खेपेला कळलं. पडद्यावरच्या यादीत कार्डापुढे दिसणाऱ्या पिवळ्या उद्गारचिन्हावर टिचकी मारून आतला लांबलचक नंबर वहीत उतरवून नेला, तेव्हा योग्य तो मिळाला. मग तोही बसेना, कारण आधी मदरबोर्डचे ड्रायव्हर टाकायचे असतात. तेही टाकले. पिवळं चिन्ह गेलं, तरी वायरलेस बंदच. मी लॅपटॉपवर हात उगारला तेव्हा खाटेवरून बाबांनी डावं बोट पुढे केलं. समोरच्या कडेला एक बारीक दिवा असतो, तो विझलेला होता. आवाज भरताना तासभर त्या दिव्याकडे बघत ते बोलले असणार. त्यांच्या लक्षात होता. त्याच्याशेजारची बटणाएवढी पट्टी सरकवली आणि दिवा पेटला.

तुझ्या नऊ मेल मला कॅफेतही दिसत होत्या. रागाने उघडल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात बाबांनी पडद्यावर तुझं नाव पाहिलं आणि वाच अशी खूण केली, म्हणून मोठ्याने वाचल्या. आठ मेलमध्ये कार्डाचा नंबर, आधी कोणता ड्रायव्हर, मग कोणता, ती पट्टी कुठे, सगळं होतं. माझे तीन आठवडे माझ्याच मेलमध्ये पडून होते. हसायचं तर हस, हा माझा भाग. नववी तीन ओळींची होती. "ताई, मी न विचारता पुसलं नाही. बाबांना विचारलं होतं, यात ठेवण्यासारखं काही आहे का. ते म्हणाले, काई नाई."

मी वाचता वाचता थांबले. बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. तासाभराची भरलेली टोपली घरात होती, आणि दारात पोराने विचारलं काय आहे म्हणून. ढिवर दुसरं काय म्हणणार? त्या साहेबांना तू नावं ठेवलीस. ते परके होते. तू त्या टोपलीतलं खाऊन मोठा झालास. पुण्याने तुझ्यातलं काय काय पुसलं ते मला माहीत नाही, पण हे पुसलं असेल तर मी कुठून आणू? असल्या गोष्टींचा ड्रायव्हर कुठल्या कॅफेत मिळत नाही.

आता हे पत्र कशाला, ते ऐक. माफीसाठी नाही, ती मी देणार नाही आणि तुझी मला नको. पाचव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत दर साली पहिल्या जाळ्याला बाबा तुला पाळीवर नेत होते. तेरा वेळा ती माळ तू ऐकली आहेस. मला बोलता येतं, पण मला ती माहीत नाही. तुला चारचौघांत बोलायला घाम फुटतो, पण ती तुझ्यात आहे. वीस तारखेला ये. एकवीसला पहाटे मला पाळीवर घेऊन चल आणि एकेक जागा दाखव. मी तिथे यावं का, हे बाबांना विचारलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बावीसला तू उभं राहायचंस. अडलास तर मी शेजारी असेन. साहेब विचारतील, या तलावात तुमचं काय आहे. त्या दिवशी तेवढं 'काई नाई' म्हणू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच ताई,
दामिनी