शकुनाचं दही

मु. वडांगळी, ता. सिन्नर
ता. १४/२/१९९९

ती. छायाताईस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि. तुझ्याकडं न येता आम्ही दवाखान्यातनं परस्पर घरी आलो. साईचं आप्रेशन झालं नाय, ओठ जन्मला तसाच फाटका हाय.

नर्सबाई म्हणली होती, पहाटेपासून पोराला काही द्यायचं नाय. मी अंगावरबी पाजलं नाय. निघताना तू त्याच्या जिभेला दही-साखर लावलीस, ते मला खाणं वाटलंच नाय. शकुन तो. आत नेताना बाईनं परत विचारलं, तवा माझ्या तोंडून निघून गेलं. डॉक्टर म्हणले, भूल दिल्यावर उलटी छातीत गेली तर पोर दगावंल, आज नाय करायचं. शिबिराचा शेवटचा दिस. बाहेरगावचे डॉक्टर, निघून गेले. पैसे भरून करायचं तर आमच्या आवाक्यात नाय.

साईच्या जागी पेठकडची एक पोरगी आत नेली. तिची आई माझ्याकडं बघून हसली, अन् मला वाटलं, हिच्या पोरीला आत्ताच ठसका लागावा. असं कसं गं मनात आलं माझ्या?

घरी सांगितलं, दही मीच चाटवलं. सासूबाई रोज ऐकवत्यात. आज म्हणल्या, हिला म्हैस सांभाळाय द्या, पोर नको. तुझं नाव घेतलं नाय. तूबी बोलू नको. लोभ हाय तेवढा राहू दे.

तुझी सुवर्णा


नाशिक रोड
ता. २०/२/१९९९

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी जळाली. हात माझा आणि बोलणी तुला! दोन रात्री डोळा लागला नाही.

इथं एका दवाखान्यात विचारून आले. ते ओठाचं करतात. पैशाचं मी बघितलंय, जवळ होते. कुठून म्हणून विचारशील तर कान पिरगाळीन. साईला सर्दी होऊ देऊ नको. सासूबाईंना सांग, म्हैसवाल्या बाईला बहिणीनं बोलावलंय. आठ दिवस माझ्याकडेच राहायचं. तुझे दाजी हल्ली उगाच कुरकुरतात, तिकडं लक्ष देऊ नको.

रागावली असशील तर रागाव, पण ये.

तुझी ताई


मु. वडांगळी
ता. १८/३/१९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साईचे टाके सुकले. ओठ जुळला. दूध गळत नाय. अख्खी आळी बघून गेली, सासूबाई तर त्याला खाली ठेवत नायत.

ताई, एस्टीत बसवताना दाजी बोलले. तुझ्या पोटाच्या गाठीचं, हर्नियाचं आप्रेशन करायचं म्हणून साठवलेलं, ते साईला लागलं. पोटाला फडकं बांधून तू हंडे उचलायचीस. मी विचारलं, कंबर दुखती का, तर हो म्हणलीस. अन् मी मांडीवर पोर घेऊन बसून राहिले. तू वाढलेलं खाल्लं.

सोमवारी येते. सिव्हिलला दोघी नंबर लावू, लागंल तेवढा येळ लागू दे. तोवर पाणी, धुणं माझ्याकडं. नको म्हणून लिहू नको, तुझं पत्र पोचायच्या आत मी दारात असंन.

साई हसला का सगळी त्याला जवळ घेत्यात. मी तोंड फिरवते. तुझं आप्रेशन झालं म्हंजे बघीन त्याच्याकडं.

माया अशीच ठेव, पण लपवून नको.

तुझी सुवर्णा