सिड ऑर्टनचा मंगळवार

ऑल्डरबी,
१८ सप्टेंबर १९६०

चि. क्लिफर्ड यास इनॉककाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या धावा मला पेपरवाला सांगतो आणि तुझी खुशाली सिड ऑर्टनची आई. मोसम संपला, आता तरी चार ओळी खरडशील की नाही? नेलकाकूचे गुडघे पुन्हा धरलेत. ती म्हणते, हे गुडघे तुम्हा दोघांमुळेच झिजले. लहानपणी तू आणि सिड मागल्या अंगणात बॅट काही सोडायचा नाहीत, आणि चेंडू शोधायला बाई वाकलेली.

बुटांच्या कारखान्यात एकच विषय आहे, तुझा बेनिफिटचा सामना. चौदा वर्षं पगारावर काउंटीची सलामी सांभाळलीस, आता एक सामना तुझा आणि दारावरचा गल्ला तुझा, हा रिवाजच आहे. व्हिटसनच्या सणातला सामना माग. शनिवार, सोमवार, मंगळवार; रविवारी खेळ बंद. मालकांनी मंगळवारची सुट्टी आत्ताच कबूल केलीय. सूनबाईला, म्युरिअलला म्हणावं, लोकरीच्या दुकानासाठी जागा बघायला लाग.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
इनॉककाका


२ ऑक्टोबर १९६०

ती. इनॉककाका यांस, सा. न. वि. वि.

उशिराबद्दल कान धरतो. गुरुवारी आमचे चिटणीस मेजर फॅनशॉ यांनी बोलावलं होतं. मिस्टर पेल कॅप्टनकी सोडून बापाच्या दारूभट्टीत चाललेत, आणि विद्यापीठातलं एकही खानदानी पोर सध्या रिकामं नाही. मेजर मला आडनावानेच हाक मारतात. म्हणाले, वाडलो, कमिटीला तू कॅप्टन हवा आहेस. मी गालिच्याकडे बघत राहिलो.

मग अट आली. शेजारच्या काउंट्यांत पगारी कॅप्टन चालतो, आमच्या कमिटीच्या घशाखाली तो उतरत नाही. तेव्हा मी पगारी खेळाडू राहायचं नाही, हौशी व्हायचं. पोटासाठी 'सहायक चिटणीस' म्हणून एक खुर्ची देतील. हौशी माणसाला बेनिफिट घेता येत नाही. तो सिडला जाईल, काउंटीच्या पगारी खेळाडूंत माझ्यामागे पाळी त्याचीच.

काका, चार वर्षं चेंडू कुणाला द्यायचा हे मी मिस्टर पेलच्या कानात सांगितलं आणि टाळ्या त्यांनी घेतल्या. मला ते एकदा मोठ्याने सांगायचंय. म्युरिअल म्हणते, ओरडायची एवढी हौस असेल तर बाजारात मासे विक. सिड मात्र हसला. म्हणाला, घेऊन टाक, फक्त वर गेल्यावर खाली थुंकू नकोस.

तुमचं मत कळवा. काकूला नमस्कार. माया असू द्यावी.

आपला,
क्लिफर्ड


९ ऑक्टोबर १९६०

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा तुझी काकू आधी रडली आणि मग गुडघे विसरून शेजारी सांगायला धावली. माझा मात्र चहा गार झाला. बूट करण्यात जन्म गेला म्हणून सांगतो, उसन्या जोड्यात चालता येतं, धावता येत नाही. त्यांना तू हवा आहेस, की कुणी साहेब येईपर्यंत खुर्ची गरम ठेवणारा हवाय, एवढं विचारून घे.

पण नको म्हणायला जीभ रेटत नाही. तुझी लायकी आहे, आणि तुझा बाप असता तर त्याने गावभर पेढे... म्हणजे आपले पोर्कचे पॅटिस वाटले असते. फक्त सिडला जप. तुला कॅप्टनकी मिळते आहे. त्याला आयुष्यात एक सामनाच मिळणार आहे. त्यातून त्याला पेपर-तंबाखूचं दुकान घ्यायचंय.

जिथे राहशील तिथून माया धर.

तुझा,
इनॉककाका


७ मे १९६१

ती. इनॉककाका यांस, सा. न. वि. वि.

सामन्याच्या छापील कार्डावर माझी आद्याक्षरं आता आडनावाच्या आधी येतात; पगारी असताना मागे लोंबायची. कपडे बदलायची खोलीही आता वरची, हौशींची; पगाऱ्यांची खाली. पहिल्या सामन्यात सलामीला मी वरच्या दारातून उतरलो, सिड खालच्या, आणि आमची भेट थेट हिरवळीवर झाली. त्याने टोपी काढून मला सर म्हटलं. त्याची थट्टा होती. खालचे बाकीचे म्हणतात ती थट्टा नसते. वर विद्यापीठातली दोन पोरं आहेत. जेवताना माझा काटा कुठल्या हातात आहे ते बघतात.

जिंकतोय मात्र. कानावर आलंय की मिस्टर लॅथबरी केनियाहून परत येणार आहेत. त्यांचे आजोबा काउंटीचे अध्यक्ष होते. मेजर परवा सूप पिताना सहज म्हणाले की पगार सुटला तरी मन पगारी मंडळींतच राहतं, असं कमिटीतले काहीजण म्हणतात. व्हिटसनला, सिडच्या बेनिफिटला, बघूच. कॅप्टनकी टिकवायची तर जिंकूनच दाखवायला हवं.

लोभाची गरज आता जास्त आहे.

आपला,
क्लिफर्ड


२५ मे १९६१

चि. क्लिफर्ड यास आशीर्वाद. ते कमी झालेले नाहीत, म्हणून आधी लिहितो.

सोमवारी मी मैदानात होतो. रविवारी पाऊस झाला, सोमवारी लख्ख ऊन. सिड खेळायला आला तेव्हा समोरच्या गोलंदाजाने रिवाजाप्रमाणे हलका चेंडू टाकून त्याला पहिली धाव फुकट दिली. लोकांनी टोप्या उडवल्या. तो रंगात आला, आणि तू, आधीच बाद होऊन वर गेलेला, गॅलरीतून हात उंचावून डाव घोषित केलास.

मला क्रिकेट कळतं, क्लिफर्ड. ओली खेळपट्टी उन्हात वाळताना चेंडू फणा काढतो, तेव्हा डाव घोषित करून समोरच्याला फलंदाजीला ढकलायचं, हे मीच तुला शिकवलं. पण दोस्ताच्या बेनिफिटला कुणी घाई करत नाही, हे शिकवावं लागतं का? तास-दीड तास खेळू दिलं असतंस तर सामना मंगळवारवर गेला असता. सोमवारी संध्याकाळीच समोरचे सगळे बाद, सामना खलास, मंगळवारचा गल्ला बुडाला. परक्याने त्याला पहिली धाव दिली आणि घरच्याने शेवटचा दिवस काढून घेतला.

मंगळवारी आख्ख्या कारखान्याला सुट्टी होती. बसगाड्या ठरलेल्या, डबे भरलेले. लोक आपापल्या घराच्या पायऱ्यांवर बसून ते डबे खात होते. मी सिडकडे गेलो. तो कुंपण कापत होता. म्हणाला, कॅप्टनने बरोबर केलं, सामना जिंकला. 'कॅप्टन' म्हणाला तो, 'क्लिफ' नाही. त्याने तुला आईवरून शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

इनॉककाका


१ जून १९६१

ती. इनॉककाका यांस, सा. न. वि. वि.

तुम्ही खेळपट्टी बघितलीत, माझ्या पाठीमागची गॅलरी नाही बघितली. कमिटी ओळीने बसली होती. मेजर खेळपट्टीकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. खेळ लांबवला असता तर म्हणाले असते, बघा, भाऊबंदांचा गल्ला भरतोय. आणि उद्या लॅथबरी कॅप्टन. मला जिंकायला ठेवलंय, मी जिंकलो. माझा बेनिफिट मी गिळला, तेव्हा कुणी पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले नाहीत.

सिडकडे जाऊन आलो. चहा दिला. चांगल्या कपात, बशीसकट, पाहुण्याला देतात तसा.

काकूला नमस्कार.

क्लिफर्ड


१० सप्टेंबर १९६१

ती. इनॉककाका यांस, सा. न. वि. वि.

आपली काउंटी युद्धानंतर गुणतक्त्यात कधी इतकी वर आली नव्हती. मेजरांनी माझे आभार मानले आणि पुढच्या मोसमाला कॅप्टन मिस्टर लॅथबरी असतील असं सांगितलं. सहायक चिटणिसाची खुर्चीही आता लागणार नाही.

मी विचारलं, पुन्हा पगारावर खेळू का? ते म्हणाले की माणसाने छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखं फिरू नये. शिवाय खालच्या मंडळींना विचारलं होतं, कुणी हो म्हटलं नाही. सिड काय म्हणाला ते मी विचारलं. सिड काहीच बोलला नाही.

उत्तरेला एका शाळेत मुलांना खेळ शिकवायची नोकरी धरलीय. म्युरिअल सामान बांधते आहे. पत्ता मागे लिहिलाय. रागावला असाल तरी लिहीत जा.

क्लिफर्ड


ऑल्डरबी,
९ डिसेंबर १९६२

चि. क्लिफर्ड यास काका-काकूंचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पेपरात वाचलंच असशील. लॉर्ड्सवर ठरलं, पुढच्या मोसमापासून हौशी नाही आणि पगारी नाही, सगळे नुसते क्रिकेटपटू. वर्षभर आधी ही अक्कल सुचली असती तर! ते लॅथबरीसाहेब एका मोसमात कंटाळून गेले. आणि आपल्या कमिटीने कॅप्टन केलाय सिडला. पगारावर.

तो स्वतः सांगायला आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा. काकूने आत ओढला, पुडिंग खाऊ घातलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हणाला, क्लिफच्या अंगात अजून दोन मोसम आहेत, सलामीला मला तोच हवा. कमिटीकडून त्याने हो म्हणवूनही घेतलंय. मग खाली बघत म्हणाला की क्लिफला परत घ्यायचं का, असं तेव्हा मला विचारलं होतं. तोंडात कडू होतं, म्हणून उघडलं नाही.

पोरा, ये. तुम्हा दोघांना एकाच दारातून उतरताना बघायला मी थंडी काढतो.

जीव लावून वाट बघणारा,
इनॉककाका


१६ डिसेंबर १९६२

ती. इनॉककाका यांस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. म्युरिअलने हातातून ओढून घेऊन वाचलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मी बॅटला तेल लावलं. दोन दिवस मी जाणारच होतो.

मग लक्षात आलं. तो व्हिटसनचा सोमवार मी मनात खूपदा खेळलोय, काका. दर वेळी ऊन पडतं, खेळपट्टी वाळायला लागते, आणि मी हात वर करतो. गॅलरीतली माणसं मी काढून टाकून पाहिली, मेजरना घरी पाठवून पाहिलं. तरीही हात वर जातो. एकदासुद्धा मी सिडला खेळू दिलेलं नाही.

सलामीच्या जोडीत धाव हाकेवर निघते. एकाने हाक मारली की दुसऱ्याने चेंडूकडे न बघता पळायचं. सिड चांगला आहे, तो ये म्हणतो. पण माझ्या हाकेवर तो पळेल का? त्याच्या जागी मी असतो तर पळालो नसतो.

त्याला यातलं काही सांगू नका. शाळेने सोडलं नाही म्हणा. कॅप्टन म्हणून तो चांगला निघेल, हे मात्र माझ्या नावाने सांगा. म्युरिअलला अजून बोललो नाही. हे पत्र पेटीत टाकून आल्यावर सांगेन.

काकूच्या गुडघ्यांना जपा. माझ्यावरचा लोभ किती शिल्लक ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

आपला,
क्लिफर्ड