उजव्या हाताविषयी

चांगहुआ,
९ मार्च २०१४

आ-हो यांस सप्रेम नमस्कार.

आपण पाठविलेले सुके मासे पोचले. माझी प्रकृती ठीक आहे. एका माणसापुरता भात अजून नीट शिजविता येत नाही, एवढीच अडचण.

परवा फोनवर आपण हाताच्या शस्त्रक्रियेस नकार दिल्याचे सांगितलेत आणि मी ‘बरे’ म्हणून फोन ठेवला. ते उत्तर अपुरे होते.

कढई उलटून आपला उजवा हात आणि दोन्ही मांड्या भाजल्या, तेव्हा माझ्या आ-लिएनने स्वतःच्या मांडीची त्वचा, खालच्या चरबीसकट, देऊ केली. डॉक्टर को म्हणाले होते, “दुसऱ्या कुणाची टिकली नसती. एकसारख्या जुळ्या आहात, म्हणून शरीर ती आपलीच मानेल.” सुताहून बारीक अशी एक रक्तवाहिनी त्यांनी आपल्या मनगटातील वाहिनीशी जोडली. पुढे तो भाग फुगत गेला, तेव्हा आपल्या तळणीच्या गाड्यापाशी उभी राहून आ-लिएन म्हणाली होती, “अगं, माझी मांडी किती शिडशिडीत! तुझ्याकडचं डुकराचं मांस खाऊन बघ कशी सुटलीय.”

“मग घे की परत! दिलीस कशाला?” आपण म्हणालात. दोघी इतक्या हसलात की गिऱ्हाईक ताटकळत राहिले.

आता मूठ मिटत नाही. उकळत्या तेलावर चिमटा निसटतो. आणखी थांबल्यास सांधे कायमचे आखडतील, असे डॉक्टर म्हणतात. आपले म्हणणे मात्र एकच: “तिच्यातलं कणभरही कापू देणार नाही.”

आ-लिएनच्या अंत्यविधीच्या दिवशी, गेलेल्याने मागच्यांना ओढून नेऊ नये म्हणून तिच्या बाहीला बांधलेला दोरा प्रत्येकाने धरायचा आणि पुरोहिताने कापायचा होता. आपण तो डाव्या हातात घेतलात. पुरोहित म्हणाले, “उजव्या हातात धरा, ताई.”

“उजवा तिचाच आहे. दोन्ही टोकं तिच्याच हातात दिली, तर तुम्ही कापणार काय?”

पुरोहितांनी आपला दोरा न कापताच पुढच्याकडे वळणे पसंत केले. मला ते योग्य वाटले.

मी येथील रुग्णालयात डॉक्टर को यांना भेटून आलो. आपल्याला विचारले नाही, क्षमा असावी. ते केवळ खालची चरबी काढणार आहेत, तीही एका वेळी अर्ध्या बाजूची, म्हणजे उरलेल्या अर्ध्यातून रक्त खेळते राहील. वरची त्वचा जागची हलणार नाही. “पण ती जगते कुणाच्या रक्तावर?” मी विचारले. ते म्हणाले, “पहिले काही दिवस त्या एका वाहिनीवर. आता चहूबाजूंनी आ-होंचंच रक्त आहे, मास्तर.”

येथवर सर्व व्यवस्थित लिहिले. आपण नेहमी म्हणता, “भावोजी, तुम्ही शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेसारखे बोलता.” तसेच झाले असणार.

खरे असे की आपला नकार ऐकून मला आनंद झाला. त्या दिवशी स्मशानातून परतल्यावर आपण मला चहा दिलात, तेव्हा पेल्याबरोबर आपला हातही माझ्या हातात आला आणि मी तो सोडला नाही. लोक पाहत होते. आपणही तो काढून घेतला नाहीत. तो हात उबदार होता. त्यानंतर मी ताइनानला आपल्याकडे आलो नाही, याचे कारण काम नव्हे. मला काम नाही.

मला ती ऊब जशीच्या तशी राहावी असे वाटते. परंतु तिने ती त्वचा सांभाळून ठेवण्यासाठी दिली नव्हती. आपल्याला चिमटा धरता यावा म्हणून दिली होती.

शस्त्रक्रिया करून घ्यावी, ही विनंती. मागच्या वेळी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. या वेळी आपल्यापाशी बसेन. बोटाने हलकेच दाबले की जागा पांढरी पडते आणि सोडल्यावर पुन्हा लाली येते, रक्त खेळते आहे ना, हे परिचारिका तसेच पाहत असतात. आपली हरकत नसेल तर एकदा मला दाबू द्यावे. लाली येईपर्यंत मी थांबेन.

आ-लिएनचा नवरा, आणि म्हणून अजूनही आपला भावोजी,
शिये वेनपिन