मेहिटेबलचे वंशज

हॅलोफिल्ड, मॅसॅच्युसेट्स

धाकट्या वॉरनला थोरल्या बहिणीचे, लोइसचे आशीर्वाद, नंतर बाकीचं.

मी बरी आहे. चर्चच्या तळघरात गावचं जुनं दप्तर चाळतेय; गारठा आहे, पण चहा मिळतो. आईचा खोकला कसा आहे?

आपली पूर्वज म्हणून जिच्या नावाने तू मिरवतोस, ती मेहिटेबल दप्तरात सापडली. १७६८ साली नवरा वारला, तशी तीन पोरं घेऊन इथे माहेरी आली. पण त्या काळी लग्न होऊन गेलेली बाई माहेरच्या गावची उरत नसे, आणि गरीब उपऱ्याला चौदा दिवसांत गाव सोडावं लागे. ऐन फेब्रुवारीत तिला हुकूम निघाला. खाली सही तिच्या सख्ख्या भावाची, चर्चचा आणि गावचा कारभार पाहणाऱ्या डीकन एलिफलेटची.

दप्तर सांभाळणाऱ्या म्हातारीला मी म्हटलं, "आम्ही मेहिटेबलचे."

"कसले मेहिटेबलचे? तिची तिन्ही पोरं मार्चातच पुरली. तुम्ही डीकनचे. नाकावरून वाटलंच होतं मला."

तेव्हा दिवाणखान्यात लावायला केलेल्या पितळी पाटीवरचं नाव बदलून घे.

तुझ्या बायकोला शिवणकामाला खोली हवी, म्हणून आईला वृद्धाश्रमात धाडतोस असं कळलं. निदान चौदा दिवस दे तिला. घराण्याची रीत मोडू नये.

लग्न होऊन उपरी झालेली,
लोइस