पंगतीची अट

१३ नोव्हेंबर १९४९, रविवार. सकाळी उपासना झाली. बारा वाजता चर्चच्या अंगणात मंडळी आणि गावकरी एका पंगतीत जेवले. भाकरी, वांग्याचं कालवण, डाळ, शेवटी भात. स्वयंपाक आपल्या बायकांनी केला. चारला सगळे पांगले.

आई, हे तुला सांगायला बसलो आणि तीनदा उठून अंगणात जाऊन आलो. तू असताना हंगामाच्या सणाची डाळ तूच करायचीस. वरच्या आळीचे शेतकरी मात्र आपल्यात जेवत नसत. पाळक त्यांना कोरडा शिधा देत, तो ते घरी नेऊन शिजवत. नऊ वर्षांपूर्वी पाळकांनी ठरवलं की या खेपेस शेजाऱ्यांनी आपल्यात बसूनच जेवायचं, आणि बोलणं करायला मला पाठवलं. पारावर पाच-सहा जण होते. मी आमंत्रण दिलं, तर कुणी काहीच बोलेना. ते गप्प बसणं मला सोसलं नाही. त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "स्वयंपाकाला तुमच्यातलाच आचारी आणू." ते हो म्हणाले. घरी येऊन मी तुला सांगितलं, गावानं अट घातली आहे.

तू डाळ निवडत होतीस. सूप बाजूला सारलंस. "व्हय? मग पानी तरी वाढू का, मास्तर?" रागावलीस की तूही मला गावासारखं मास्तर म्हणायचीस. मी नको म्हणालो. सणाला तू धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे बसलीस. आचारी सरपण मागायला आला, तेव्हा उठून तूच ते काढून दिलंस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

आज मी डाळ वाढत होतो. जिच्या रानात तू खुरपायला जायचीस, ती वरच्या आळीची म्हातारी पंगतीत होती. म्हणाली, "त्या साली तू आनलेल्या आचाऱ्यानं डाळीत मीठच घातलं न्हवतं. आमी लाजंखातर गिळली. तुझ्या आईला का बसवून ठेवलं हुतं?"

मी म्हणालो, "तुम्ही तिच्या हातचं खाल्लं नसतं."

"बांधावर तिचा ठेचा लई येळा खाल्लाय म्या. कुनाला सांगितलं न्हाई, एवढंच."

"पण चारचौघांत खाल्ला असतात का?"

तिनं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "ते आता कसं सांगू, मास्तर? पन इचारायचं तरी हुतंस."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हातारीनं तेव्हा खाल्लं असतं, की ती उठून गेली असती? कधी वाटतं नक्की बसली असती, लगेच वाटतं नसती. तिलाही ठाऊक नाही, आणि ते कळायची एकच वेळ होती, ती मी घालवली. तुझ्या हातचं कुणी नाकारलेलं मला बघवलं नसतं, म्हणून तसं केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. पाळकांना जाऊन सांगायचं होतं की गाव आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि मला ते आवडलं होतं.

हे कुठं पाठवायचं नाही. कागद घडी करून पेटीत टाकीन. दुपारी पंगतीत जेवलो नव्हतो, म्हणून मघाशी चूल पेटवली आणि एक भाकरी थापली. कडेला चिरली. तशीच भाजली आणि उभ्यानंच खाल्ली.