सहावा कप

३ मार्च, सकाळी ९
सासूबाईंच्या सहा कपांपैकी एक हातून सुटला. ही मुलीकडे गेली आहे, २८ला येते. आई गेल्यापासून हे कप म्हणजे हिचा जीव की प्राण. घाबरायचं कारण नाही. कळवायचंही नाही. हुबेहूब नवा कप करणार. पोर्सेलिनच्या क्लासला नाव घातलं.

५ मार्च
क्लासच्या बाई म्हणाल्या, आधी बिनकानाचा साधा पेला करा. मी नवशिका नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. व्हिडिओ बघितलेत, तेही चार. पेला सोडून थेट कपाचा साचाच करायला घेतला. साच्याचं प्लास्टर पाण्यात हळूहळू सोडायचं असतं म्हणे. मी पाणीच प्लास्टरमध्ये ओतलं. शेवटी एकच ना! बादलीत दगड झाला, आत बाईंचा कालथा. प्लास्टर जुनं असावं.

९ मार्च
नमुना म्हणून घरून दुसरा कप नेला. बाई म्हणाल्या, साचा दोन भागांत करा आणि आधी कपाला साबणाचा हात द्या. कप मी घरूनच स्वच्छ धुऊन नेला होता. आणि दोन तुकड्यांपेक्षा एकसंध साचा केव्हाही मजबूत.

सायं. ५. साचा फारच मजबूत झाला. कप आत, कानही आत. बाईंनी हातोडी आणली.

आता चार.

१४ मार्च
आणखी एक कप नेला. या वेळी दोन भाग, साबण, सगळं बाईंच्या मनासारखं. (मोठेपणा माझा.) कप सुखरूप निघाला. मग साच्यात पातळ माती ओतली. प्लास्टर पाणी शोषतं, कडेला मातीचा थर धरतो, पंधरा मिनिटांनी उरलेली माती ओतून टाकायची. मी दीड तास ठेवली, कप भक्कम नको? ओतायला काही उरलंच नाही. कप भरीव निघाला. बाई म्हणाल्या, पेपरवेट छान आहे. कौतुक करतात कधीकधी.

२० मार्च
जमला! पातळ, कानासकट, हुबेहूब. बाई म्हणाल्या, भट्टीत आटेल, म्हणून नमुना मोठा घ्यायचा असतो. मी म्हटलं, आटायला ते काय दूध आहे? बाई हसल्या नाहीत.

२६ मार्च
आटला. त्या चौघांत ठेवला तर त्यांचं पोर दिसतं. पण फडताळात मागच्या रांगेत ठेवला की प्रश्न मिटला. लांबची वस्तू लहान दिसतेच. कप पहिल्यापासून पाचच होते, असं ठामपणे सांगायचं. आरशासमोर सराव केला. मला तरी पटलं.

२८ मार्च, संध्याकाळी
ही आली. चहा ठेवला, फडताळ उघडलं आणि तिथेच उभी राहिली. पाचच होते, हे वाक्य तोंडातून निघेना. सगळं सांगून टाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, पहिला फुटला तेव्हाच सांगितलं असतंत, तर आईचे पाच तरी राहिले असते.

फार लाज वाटली. मग तिने मला चहा दिला, माझ्याच कपात. दोन घोटांत संपला. आणखी मागायचा धीर झाला नाही.