गाण्यांची वर्गणी

३ फेब्रुवारी

टेपने मान टाकली! देवापुढे बसलो, कळ दाबली, तर आत कॅसेटच्या फितीचं आतडं झालेलं. सकाळ सुनी गेली. नाव घेतलं, पण मन बसलं नाही.

मुलीला फोन केला. हसली. "बाबा, टेप आता कोण दुरुस्त करतंय? वर्गणी भरायची, जगातली सगळी गाणी फोनवर. महिनाभर फुकट, मग ठरवा."

फुकट! मी सोफे शिवणारा माणूस. फुकट म्हटलं की आधी आतला भुसा बघतो.

८ फेब्रुवारी

रविवार. मुलगी येऊन दोन कंपन्या लावून गेली. एकीवर पक्ष्याचं चित्र, दुसरीवर दिव्याचं. महिन्याने एक ठेवायची, दुसरी काढायची. विसरलो तर दोघीही न विचारता पैसे कापणार. वाटलंच होतं!

पक्षीवालीचा आवाज फार स्वच्छ. गवयाने श्वास घेतलेलाही ऐकू येतो. दिवावालीचा आवाज बेताचा, पण गाण्याचे शब्द पडद्यावर दिसतात, गाईल तसे पुढे सरकतात. मी म्हटलं, "शब्द कशाला बघायचे? देवाने कान दिलेत."

ही शेजारी उभी राहून वाकून बघत होती. मुलीला म्हणाली, "अक्षरं मोठी होतात का गं?" हिला कधीपासून एवढी हौस?

११ फेब्रुवारी

पक्षीवालीवर भजन ऐकलं. डोळे मिटले तर गुरुजींच्या शाळेतली सकाळची प्रार्थना आठवली. आम्ही पोरं मातीत मांडी घालून बसायचो आणि गुरुजी एका सुरात सुरू करायचे. यंत्रातूनही देव येतो म्हणायचा. कुठून येईल ते आपण कशाला ठरवायचं!

१३ फेब्रुवारी

दिवावाली उघडली. 'नुकतीच ऐकलेली' म्हणून एक यादी दाखवते. त्यात एक अंगाईगीत! मुलगी पाळण्यात असताना ही म्हणायची, तेच. मी ते लावलेलं नाही. कुणापाशी बोललेलोही नाही. आंघोळीत गुणगुणलो असेन फार तर.

म्हणजे फोन ऐकतो!

१४ फेब्रुवारी

दुकानात 'मीटर'ला सांगितलं. (कापड बेततो आणि तोंडही तसंच लांबलचक चालतं, म्हणून मीटर.) म्हणाला, "भाऊ, मग काय! आम्ही घरी गादीचं बोललो, लगेच गादीची जाहिरात. तुमच्या खिशात हेर बसलाय हेर!"

"मग करायचं काय?"

"शिव्या घालत जा त्याला. तेवढंच त्यालाही कळू दे."

कापसाच्या पोत्यात खुपसून ठेवला दिवसभर. मालकाचा फोन आला तो कळलाच नाही. बोलणी खाल्ली.

१७ फेब्रुवारी

आता फोन घरीच ठेवतो, कपाटात, कपड्यांखाली. ऐक म्हणावं धोतराचं बोलणं.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी बघितलं. दिवावालीत यादी वाढलेली! जुनी सिनेमाची गाणी. एकच गाणं पुन्हा पुन्हा. पक्षीवालीत मात्र सकाळचं माझं भजन, बस्स.

बंद कपाटात हे यंत्र एकटंच गातं की काय? लबाड आहे दिवावाली. काढून टाकणार.

२० फेब्रुवारी

कपड्यांची घडी माझी नाही. मी बाही आत दुमडतो. आज बाही बाहेर होती.

यंत्र नव्हे. घरातलंच माणूस. आणि घरात आहोत दोघं.

२१ फेब्रुवारी

विचारलं नाही. काय विचारणार? गाणी ऐकतेस का, म्हणून? ऐकू दे की! पण मग कपाटातून काढून, परत घडी घालून, चोरून कशाला? आणि गाणी सगळी प्रेमाची, विरहाची. या वयात?

 देवापुढे बसलो तरी हेच डोक्यात.

२२ फेब्रुवारी

ही म्हणाली, "अहो, ती मिशी तेवढी कापा. ओठांवर आलीय. काय बोलता ते कळत नाही."

"मिशीने कळायचं अडतं होय?"

"अडतं," म्हणाली आणि वळून भांडी घासायला लागली.

थंडीत वाढवली, ओठांना ऊब म्हणून. मीटर म्हणतो शोभते. हिला अचानक का खुपावी? मागून म्हटलं, "खरं सांग, चाललंय काय तुझं?" ही भांडी घासतच राहिली. आतापर्यंत भांडायची तरी. आता उत्तरसुद्धा द्यायचं नाही!

२४ फेब्रुवारी

जेवायच्या सुट्टीत घरी गेलो. न सांगता. मला माझीच लाज वाटत होती, पण पाय थांबले नाहीत.

गाणं जिन्यातच ऐकू येत होतं, एवढा मोठा आवाज. दार नुसतं लोटलेलं. ही खिडकीकडे तोंड करून बसलेली, फोन डाव्या कानाला घट्ट दाबलेला. मधेच डोळ्यांपुढे धरायची, शब्द बघायची, पुन्हा कानाला. चेहरा दिसत नव्हता. हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्याने. वळली नाही.

नवऱ्याची हाक ऐकू येऊ नये एवढी बुडालेली!

न जेवता परत आलो. दुपारभर टाके वाकडे पडले. मीटर म्हणाला, "भाऊ, आज खुर्चीवर राग काढताय का?"

२५ फेब्रुवारी

हिच्याशी बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते.

२७ फेब्रुवारी

दुकानात एक बाई खुर्ची घेऊन आली. कापडाच्या गिरणीत मागावर काम करणारी. बोलते ती ओरडूनच. मीटर म्हणाला, "मावशी, आम्ही बहिरे नाही!" ती म्हणाली, "तू नाहीस रे, मी आहे! जन्म गेला त्या खटखटाटात. तिथं कोण कुणाचं ऐकतं? आम्ही बाया एकमेकींचे ओठ बघून बोलतो."

सुई हातातच राहिली.

हीसुद्धा मागावरची. गुडघ्यांनी सोडायला लावेपर्यंत तिथंच होती. लग्नाच्या नव्या नवलाईत मला हसून सांगायची, आमच्या खात्यात या टोकाची बाई त्या टोकाचीला आवाज न करता चिडवते म्हणून. मी गमतीत ऐकलं होतं. मोठ्याने बोलते ती सवयच, असं धरून चाललो.

मिशी. देवा!

घरी गेलो.  ही कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठ माझ्याकडे. मी मागे उभा राहून म्हणालो, "घर पेटलंय." घडी घालतच राहिली.

मग न्हाणीत जाऊन मिशी काढली. सगळी. समोर येऊन बसलो आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवले. चहा देतेस का?

"ठेवते की," म्हणाली. उठलीसुद्धा. मग थबकली. चेहऱ्याकडे बघितलं आणि खाली बसली. तिला कळलं मला कळलंय ते.

"उजवा गेलाच," म्हणाली. "डाव्यात अजून थोडं येतं. ते आहे तोवर म्हटलं आपली गाणी ऐकून घ्यावीत. अर्धं कानाने, अर्धं वाचून." आणि मग, "तुम्ही देवाचं ऐकता. त्यात माझं कशाला सांगायचं?"

मी तिच्यावर संशय घेतला होता. ते मात्र मोठ्याने बोलायला हवं होतं. ओठ हललेच नाहीत.

२८ फेब्रुवारी

मुलीला कळवलं : पक्षीवाली काढ, दिवावाली ठेव. अक्षरं सर्वांत मोठी कर.

सकाळी देवापुढे दोघं बसलो, मधे फोन, पडद्यावर भजनाचे शब्द. मी डोळे उघडे ठेवले.